टेलिफोन भवन रिकामे होते तेव्हा बिंदुनामावलीचे काय होते?

बीएसएनएलची किंवा एमटीएनएलची एखादी जागा विक्रीला निघाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. आपल्या लोकांच्या ग्रुपवर "देश विकायला काढला" असा संदेश फिरतो आणि संध्याकाळपर्यंत विरून जातो. दुसरीकडे, पेठेतल्या किंवा कोथरूडच्या दिवाणखान्यात म्हटले जाते, "बरे झाले. कोट्यातले लोक भरले की दुसरे काय होणार?" इमारतीच्या भिंती, जमीन, तिचा चौरस फुटाचा भाव, सगळ्यांची मोजदाद होते. त्या इमारतीत किती राखीव जागा होत्या आणि त्या कुठे गेल्या, हे मात्र पहिलाही विचारत नाही आणि दुसराही विचारत नाही. आम्हाला या लेखात तेच विचारायचे आहे. त्यासाठी टेलिफोन एक्स्चेंज नावाच्या इमारतीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल.

पुण्यात बाजीराव रोडवर टेलिफोन भवन आहे. मुंबईत हुतात्मा चौकाला लागून महात्मा गांधी रोडवर फाउंटन टेलिकॉम बिल्डिंग आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात अशी एखादी दणकट इमारत ऐन मध्यवस्तीत सापडते. ती तिथेच का? सरकारला मोक्याची जागा हडप करायची हौस होती म्हणून नव्हे. जुन्या टेलिफोनमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी जाते. फोन त्याच तारेतून येणाऱ्या, एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या विजेवर चालतो. म्हणून तर घरातली वीज गेली तरी जुना फोन चालू राहायचा. तार काही किलोमीटरच्या पुढे गेली की आवाज मरतो आणि तांब्याचा खर्चही वाढत जातो. त्यामुळे एक्स्चेंज ग्राहकांच्या गर्दीच्या मध्यावर बांधणे भाग असते. तळघरात केबलची खोली असते, वर हजारो तारा एकेका खिळीवर बसवलेली मोठी चौकट असते आणि तिच्यापुढे स्विचची खोली, बॅटऱ्यांची खोली, जनरेटर. एकदा शहरभरच्या केबल त्या तळघरात आणून सोडल्या की इमारत हलवता येत नाही. थोडक्यात, ती जागा ठरवली तारेच्या लांबीने. आज त्याच जागेला बाजार "प्राइम लँड" म्हणतो.

ग्राहकांची गर्दी कुठे होती, यावरूनही बरेच कळते. ओरिएंटल टेलिफोन कंपनीने १८८१-८२ च्या सुमारास कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथे एक्स्चेंज उघडले, तेव्हा कोलकात्याच्या एक्स्चेंजचे ग्राहक होते ९३. मुंबईचा कारभार पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीकडे गेला. फोन कोणाकडे असायचा? गोऱ्या अधिकाऱ्याकडे, बँकेत, गिरणीच्या हापिसात, कापसाच्या व्यापाऱ्याकडे. गिरणीत राबणाऱ्या आपल्या माणसापर्यंत टेलिफोन आला नाही. गिरणीत दुखापत झाल्याचा निरोप चाळीपर्यंत माणूस धावत जाऊनच द्यायचा.

एक्स्चेंजमध्ये तेव्हा ऑपरेटर बसत, "नंबर प्लीज" विचारत आणि हाताने दोरी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालत. हा माणूस मध्ये नको म्हणून यंत्र आले, त्याची हकीगत मजेदार आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक होता. त्याला वाटे की ऑपरेटर बाई आपले गिऱ्हाईक मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. त्या रागातून त्याने आपोआप जोडणी करणारे स्विच काढले, १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यात ला पोर्ट इथे त्यावर चालणारे एक्स्चेंज सुरू झाले. भारतात असे पहिले स्वयंचलित एक्स्चेंज शिमल्याला बसले, १९१३-१४ मध्ये. सरकारची उन्हाळी राजधानी तीच होती ना! स्ट्राउजरच्या स्विचला फक्त आकडे कळत, आडनाव विचारायची त्याला सोय नव्हती. या देशात एवढा निःपक्षपाती कारकून दुसरा झाला नसेल. पण यंत्रापर्यंत पोहोचायला आधी फोन हवा, आणि यंत्राच्या खोलीत नोकरी मिळवायला आधी दार उघडायला हवे.

ते दार कसे उघडले? इथे १९४३ हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या, ज्या इतिहासाच्या पुस्तकांत एकत्र कधी येत नाहीत. एक, मुंबई, कोलकाता आणि मद्रासच्या खाजगी टेलिफोन कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. दोन, ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव करण्याचा आदेश निघाला. हा आदेश आकाशातून पडला नव्हता. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न होता, शास्त्र आणि तंत्र शिकण्यासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारीवर घ्यावे अशीही मागणी होती. बाबासाहेब फक्त कारकुनी मागत नव्हते, ते यंत्राच्या खोलीचे दार मागत होते. टपाल-तार खाते त्यांच्याकडे नव्हते. तरीही खाजगी कंपनीचे एक्स्चेंज सरकारी झाले आणि सरकारी नोकरीत वाटा मिळाला, या दोन गोष्टी एकाच वर्षी जुळून आल्या म्हणून पुढच्या पिढ्यांना टेलिफोन भवनात पाऊल टाकता आले. कंपनी खाजगीच राहिली असती तर तो आदेश तिच्या फाटकाबाहेर थांबला असता. १९४६ मध्ये हे प्रमाण साडेबारा टक्के झाले, १९७० मध्ये १५ टक्के.

"आरक्षणाने तार खाते नासवले" म्हणणाऱ्यांनी संविधानाचे कलम ३३६ एकदा वाचावे. त्यात रेल्वे, कस्टम, टपाल आणि तार या चार सेवांची नावे घेऊन अँग्लो-इंडियन समाजाला इंग्रजांच्या काळापासून मिळत आलेल्या जागा आणखी दहा वर्षे, दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी घटवत, चालू ठेवल्या आहेत. म्हणजे तार खात्यात राखीव जागा आपण शोधून काढलेल्या नाहीत. त्या आधीपासून होत्या आणि तेव्हा खाते नासल्याची तक्रार कोणी केली नव्हती.

आता बाजीराव रोडकडे येऊ. हा रस्ता शनिवारवाड्याशी सुरू होतो आणि पेठांमधून जातो. पेशवाईत याच शहरात आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणातच मांडली आहे. ज्या पेठांच्या रस्त्यांवर आपली सावली चालत नव्हती, तिथे, पेशव्याचे नाव दिलेल्या रस्त्यावर, केंद्र सरकारची एक इमारत आणि तिच्यात कायम नोकरीच्या राखीव जागा. त्या जागेवरच्या माणसाला ओळखपत्र होते, हजेरीपट होता, पेन्शन होती आणि कोणत्याही वाड्यात शिरून तार तपासायचा हक्क होता. लाइनमन दारात आला की त्याची जात विचारून त्याला बाहेर थांबवणे परवडत नसे. फोन बंद पडला असे ना! समाजशास्त्राच्या वर्गात सामाजिक गतिशीलतेची मोठमोठी मॉडेल शिकवतात. आमच्या मते लाइनमनच्या हातातला तो चाचणीचा फोन हे त्याचे पुरेसे उदाहरण आहे.

पण चित्र गुलाबी करायचे कारण नाही. एक्स्चेंजच्या आतही उतरंड होतीच. वरच्या वर्गाच्या अधिकारी पदांवर आपण थोडे आणि झाडलोट, शिपाई, मजूर या पदांवर जास्त, हे केंद्र सरकारच्या सगळ्याच खात्यांचे चित्र होते. आणि त्याहून खाली एक थर होता जो पटावर नव्हताच. रस्ता खणून केबल टाकणारा, मॅनहोलमध्ये उतरणारा रोजंदारीवरचा मजूर. वर्षानुवर्षे काम करूनही त्याला कायम मजुराच्या निम्म्याहूनही कमी पैसे मिळत. अखेर टपाल-तार खात्यातल्या रोजंदारी मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८७ मध्ये न्यायालयाने त्यांना कायम कामगारांच्या किमान वेतनाइतका मोबदला द्या आणि कायम करण्याची योजना आखा असे सांगितले. १९८९ ची योजना त्यातून आली. तांब्याच्या प्रत्येक मीटरमागे या माणसांचा घाम आहे. आज इमारतीचे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ तो कोणत्या रकान्यात लिहितो?

आणि आणखी एक उणी बाजू. एक्स्चेंजमध्ये आपले लोक होते, पण आपल्या वस्तीत फोन नव्हते. १९९१ मध्ये चौऱ्याऐंशी कोटींच्या देशात जेमतेम ५० लाख फोन होते. प्रतीक्षा यादीत वेगवेगळे वर्ग होते. 'ओन युवर टेलिफोन' योजनेत मोठी अनामत भरणारा पुढे, डॉक्टर-पत्रकार वगैरे विशेष वर्ग त्याच्या मागे, साधा माणूस सगळ्यात शेवटी. वर खासदारांच्या शिफारशींचा कोटा वेगळा! त्याला कोणी कधी "मेरिटचा खून" म्हटले नाही. आपल्याकडे फोन आला तो ऐंशीच्या दशकात, एसटीडी बूथच्या पिवळ्या पाटीसह. बूथ देताना अपंग, माजी सैनिक, अनुसूचित जाती-जमाती यांना प्राधान्य होते. खेड्यांसाठीचे छोटे एक्स्चेंज १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने इथेच बनवले. म्हणजे सार्वजनिक मालकी असेल तर तंत्रज्ञान खालपर्यंत नेता येते, हे सिद्ध झाले होते. त्याची गती अन्यायाची होती आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण टीका करून मालकीच मोडायची, हा वेगळा हेतू झाला.

एक्स्चेंजमधल्या पगाराने चळवळ कशी उभी राहिली, हेही याच शहराने पाहिले आहे. मान्यवर कांशीराम पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आंबेडकर जयंतीची सुट्टी रद्द करण्यावरून दीनाभाना यांनी दिलेल्या लढ्यातून ते चळवळीत आले, आणि १९७८ मध्ये ६ डिसेंबरला बामसेफची घोषणा झाली. बामसेफचा पाया कोण होता? शिकलेला सरकारी कर्मचारी. टपाल, तार, टेलिफोन, रेल्वे, बँक, आयुर्विमा. विहाराच्या स्लॅबसाठी, मासिकाच्या वर्गणीसाठी, शिबिराच्या जेवणासाठी, खेड्यातून शिकायला आलेल्या पुतण्याच्या खोलीभाड्यासाठी पैसा यांच्याच पगारातून यायचा. त्यातले काही जण पुढे सोसायटीत फ्लॅट घेऊन आडनाव बदलून बसले, हे खरे आहे. बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी आग्र्याला जी खंत व्यक्त केली ती उगीच नव्हती. तरीही आमच्या धायरी-नऱ्हे-वडगावच्या पट्ट्यात जे विहार उभे राहिले, त्यांच्या पावती पुस्तकांत कायम नोकरीवाल्यांची नावे शोधावी लागत नाहीत. आज त्याच घरांतली तिशीची मुले पार्सल पोहोचवतात किंवा ठेकेदाराकडे फायबर केबल ओढतात. काम तेच आहे, तार बदलली, पट बदलला. या मुलांकडून महिन्याची वर्गणी मागायला आमचीच जीभ रेटत नाही.

हे कसे घडले याची सालावळी फार बोलकी आहे. मंडल आयोगानुसार ओबीसींना केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के आरक्षण देणारा आदेश ८ सप्टेंबर १९९३ ला निघाला. खाजगी कंपन्यांना टेलिफोन सेवेचे दार उघडणारे राष्ट्रीय दूरसंचार धोरण आले मे १९९४ मध्ये. मध्ये आठ महिने! एका दाराने बहुजन आत आले तोवर दुसऱ्या दाराने घर बाहेर न्यायला सुरुवात झाली होती. कोणी एका खोलीत बसून हा कट केला असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या हाती निर्णय होते त्यांना सार्वजनिक नोकरीविषयी अचानक एवढे वैराग्य नेमके तेव्हाच का आले, एवढे तरी विचारू द्या.

असे फक्त आपल्याकडेच झाले नाही. अमेरिकेत एटी अँड टी ही खाजगी टेलिफोन कंपनी देशातली सर्वांत मोठी खाजगी नोकरदाती होती. स्त्रियांशी आणि कृष्णवर्णीयांशी भेदभाव केल्याबद्दल तिथल्या समान संधी आयोगाने तिला घेरले, आणि जानेवारी १९७३ मध्ये तिला कोट्यवधी डॉलरची भरपाई आणि भरतीची उद्दिष्टे मान्य करावी लागली. म्हणजे खाजगी कंपनीवरही सामाजिक न्यायाचे बंधन घालता येते, हे भांडवलशाहीच्या माहेरघरी घडलेले आहे. आपल्या उद्योगपतींना हे अशक्य वाटते, त्यांनी नोंद घ्यावी. पण त्या कहाणीची दुसरी बाजू व्हीनस ग्रीन या कृष्णवर्णीय अभ्यासिकेने लिहिली आहे. त्या स्वतः टेलिफोन कंपनीत काम केलेल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना ऑपरेटरची नोकरी मोठ्या संख्येने मिळाली ती नेमकी ऑपरेटरचे काम यंत्राकडे जात असताना. दार उघडले, आत पाहतात तो खोली आवरायला घेतलेली. ओळखीचे वाटते ना?

आता त्या दिवाणखान्यातल्या वाक्याकडे. बीएसएनएल, एमटीएनएल आरक्षणामुळे बुडाल्या का? खाजगी मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली ऑक्टोबर २००२ मध्ये. शर्यतीत सात वर्षे बांधून ठेवलेल्या घोड्याची जात काढायची ही कोणती रीत? २०१० मध्ये थ्रीजीच्या लिलावात खाजगी कंपन्यांनी जो भाव चढवला तोच दोन्ही सरकारी कंपन्यांकडून वसूल केला गेला. एमटीएनएलला फक्त दिल्ली आणि मुंबईच्या स्पेक्ट्रमसाठी सुमारे ११ हजार कोटी भरावे लागले, त्यासाठी कर्ज काढावे लागले आणि त्या कर्जातून ती वर आली नाही. बीएसएनएलची नऊ कोटींहून जास्त लाइनची यंत्रखरेदी त्याच वर्षी रद्द झाली. खाजगी फोरजी देशभर पोहोचले तरी बीएसएनएलला फोरजीचा स्पेक्ट्रम द्यायचा निर्णय व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. यातला एक तरी निर्णय राखीव जागेवरच्या लाइनमनने घेतला होता का? आरक्षणाने उत्पादकता घटते का, याचा अभ्यास अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेवर केला आहे. त्यांना तसा पुरावा सापडला नाही. उलट वरच्या पदांवर अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण जास्त असताना काम सुधारल्याच्या खुणा मिळाल्या.

२०१९ च्या त्याच पॅकेजमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती होती. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधून १४ हजारांहून जास्त लोक बाहेर पडले. इथे लेखाच्या शीर्षकातला प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या सभरवाल निकालानंतर, २ जुलै १९९७ च्या आदेशाने बिंदुनामावली रिक्त जागांवर नव्हे तर पदांवर आधारित झाली. अनुसूचित जातीच्या बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला की त्या जागी अनुसूचित जातीचाच माणूस घ्यायचा. तो नाही घेतला तर अनुशेष दिसतो, संघटना भांडते, आयोगाकडे तक्रार जाते. पण पदच रद्द केले तर? बिंदूच पुसला जातो. अनुशेष शून्य. कागदावर आरक्षण शंभर टक्के पाळलेले, इमारतीत माणूस नाही. आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवायची यापेक्षा स्वच्छ पद्धत आम्हाला माहीत नाही. उरलेले झाडलोटीचे, पहाऱ्याचे, केबलचे काम ठेकेदाराकडे जाते. सरकारने थेट ४५ दिवसांहून जास्त मुदतीची तात्पुरती नेमणूक केली तरी आरक्षण लागते, पण ठेकेदाराच्या पटाला बिंदुनामावली नसते.

माणसे गेल्यावर जमीन राहते. २००२ मध्ये विदेश संचार निगम टाटांकडे गेली तेव्हा तिची ७७३ एकर जमीन विक्रीबाहेर ठेवली होती, त्यातली ५२४ एकर एकट्या पुण्यात, दिघीला. ती वेगळ्या सरकारी कंपनीकडे सोपवायला दीड दशकाहून जास्त काळ लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बीएसएनएलच्या अनेक शहरांतल्या मालमत्तांबरोबर एमटीएनएलची गोरेगावची वसारी हिलवरची जागा लिलावाच्या यादीत आली. आमचा आक्षेप जमिनीच्या वापराला नाही. तांब्याची तार गेली, फायबरला एवढी मोठी खोली लागत नाही, हे आम्हालाही कळते. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे लिहिले, ते इमारतींच्या प्रेमापोटी नव्हते. ज्याच्या हाती उत्पादनाची साधने नाहीत त्याला मूलभूत हक्क बजावता येत नाहीत, हा त्यामागचा तर्क होता. तोच लावून पाहा. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या आणि मजुरांनी खणलेल्या या जागेचे पैसे होणार असतील, तर तिच्यावर रद्द झालेल्या राखीव पदांचा हिशेब विक्रीच्या कागदाला जोडला पाहिजे. शहराच्या मध्यवस्तीत आपल्या मुलींना वसतिगृह मिळत नाही आणि तिथेच सरकारी इमारतींचे मजले कुलूपबंद असतील, तर तोही हिशेब मांडा.

हे भाषणात मागून मिळणार नाही, कागद लागतील. बीएसएनएल माहिती अधिकाराखाली येते, अर्जाला दहा रुपये लागतात आणि कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे मराठीतही करता येतो. आपापल्या शहराच्या टेलिफोन भवनाबद्दल चार गोष्टी विचारा. १९९७ ची पदाधारित बिंदुनामावली लागू झाली तेव्हा मंजूर पदे किती आणि त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे बिंदू किती होते. ३१ जानेवारी २०२० नंतर त्यातली किती पदे रद्द झाली, संवर्गनिहाय. सध्या इमारतीत कोणत्या ठेकेदारांमार्फत किती माणसे काम करतात. आणि इमारतीचे एकूण क्षेत्रफळ किती, त्यातले रिकामे किती, भाड्याने दिलेले किती आणि कोणाला. अर्जात "का" हा शब्द घालू नका, त्यावर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "किती" आणि "प्रत द्यावी" असेच लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा, त्याला फी नाही.